घोडीची सासुरवाडी

चहा आधी पिऊन घ्या, नाहीतर ऐकताना ठसका लागेल. या किश्श्यात शहाणं माणूस एकच होतं आणि ते मी नव्हतो.

आमच्या कारंजा गावात मी सगळ्यांना सांगून बसलो होतो, "भाचा वरातीत बसेल तर मामाच्याच घोडीवर!" बोलून गेलो खरा, पण घोडी कुठे होती? मग शेजारच्या खेड्यातल्या गुलाबरावांकडून एक कोवळी घोडी घेतली. चांदणी तिचं नाव.

मी तिला हरभरा काय, गूळ काय, अगदी पोटच्या पोरीसारखं खाऊ घातलं. घोडी भरली, पोट तर असं सुटलं की बघतच राहावं! येईल त्याला मी ते पोट थोपटून दाखवायचो. म्हणायचो, "याले म्हणते खुराक!"

बायको म्हणाली, "मले हे खुराकाचं पोट नाई वाटत."

"तुले घोड्यातलं काय समजते?"

ती नुसती हसून घरात गेली. तिथेच मी घाबरायला हवं होतं!

लग्न दोन दिवसांवर आलं आणि खोगीर काही बसेना. पट्टा पुरेचना! जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पोटाला हात लावला आणि हसले.

"अभिनंदन! आज-उद्याच मोकळी होईल."

"कशी होईल? माझ्याकडे घोडाच नाही!"

"अहो, आणली तेव्हाच गाभण होती. आता पाठीवर कोणाला बसवू नका."

संपलं! भाच्याची वरात गेली आणि मामाची अब्रूही गेली. माझं टाळकं फिरलं. गुलाबरावांशी भांडून दुसरं जनावर आणायचं ठरवलं आणि हळदीच्या दिवशी सकाळी चांदणीला हळूहळू चालवत त्यांच्या दारात नेऊन उभी केली. अंगणातूनच ओरडलो, "पहिलं बाळंतपण माहेरी असते! सांभाळा आपली पोरगी!"

मी टोमणा मारला होता हो! पण गुलाबरावांच्या बायकोच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "बरोबर हाय जी, रीतच हाय!" म्हणत ती आत गेली आणि आरतीचं ताट घेऊन आली. चांदणीच्या कपाळाला कुंकू लावलं, तिची ओटी भरली. मग पाण्याचा तांब्या माझ्यापुढे धरला. "पाय धुवा, जावईबापू!"

आता भांडू कसा? पाटावर बसवून पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार. तोंड उघडलं की त्यात पोळीच जायची.

"गुलाबराव, दुसरी घोडी..."

"जावईबापू, घोडी एकच होती, थे तुमाले देल्ली. आता घोडा हाय. पण थो कोनाले पाठीवर बसू देत नाई. आमच्या पोरीच्या बाबतीत तेवढा गुनी निंगाला पाहा, पोटातलं शिंगरू थ्याचंच!"

निघायला उठलो की चांदणी खिंकाळायची. माझ्याशिवाय कोणाच्या हातचं खाईना. जीव तुटला हो माझा! म्हटलं, राहू एक रात्र, पहाटे निघू. बायकोला फोनवर सगळं सांगून टाकलं. पण पहाटे तिला कळा सुरू झाल्या. मी तिथेच मान थोपटत बसलो. ऊन वर आलं तेव्हा शिंगरू झालं! काड्यांसारख्या पायांवर उभं राहिलं, पडलं, पुन्हा उभं राहिलं. मी रडलो, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात फोन वाजला. बायकोचा! मागे बँड दणाणत होता.

"वरात निंगाली नं!"

"नवरदेव कशावर बसला?"

"ट्रॅक्टरवर बसवला मीनं. पन सारे इचारून राह्यले, मामा कुठी हाय?"

"मग काय सांगितलं?"

"सांगितलं, सासुरवाडीले गेले."

"अवं, लोक काय म्हणतील! भाच्याचं लग्न सोडून मी तुह्या माहेरी जाऊन बसलो म्हणून!"

"माह्या माहेरी कायले?" ती बँडच्याही वर ओरडली. "घोडीच्या! साऱ्या वरातीले मालूम हाय!"