अकरातले आठ

आईची सायकल मूळची माझी. मी आठवीत गेले तेव्हा वडिलांनी जळगाव जामोदच्या एका कंपाउंडरकडून ती जुनी घेतली होती. लेडीज, पण जड, जुन्या लोखंडाची. पुढे मी नोकरीला बुलढाण्याला आले, वडील गेले, आणि पंचेचाळिशी ओलांडल्यावर आई शाळेच्या मैदानावर ती चालवायला शिकली. आई ब्लाऊज शिवते. शिवलेल्या ब्लाऊजांचं गाठोडं कॅरिअरला बांधून जळगाव जामोदच्या दुकानात पोचवायचं आणि तिथून नवीन कापडं आणायची, हा तिचा दर दोन-तीन दिवसांचा फेरा.

दोन वर्षांपूर्वी लग्नसराई सुरू व्हायच्या आधी मी शनिवारी घरी आले. रविवारी सकाळी आई म्हणाली, "सायकल लय खटखट करून राह्यली. पायडलं दोन्हीकून हालतात. तेवढी फाट्यावरच्या मिस्तरीकडे नेऊन आण. मी शेजारी मापं घ्याले चालली."

फाटा दीड किलोमीटरवर. ऊन तापलं होतं. मी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. दोन्ही पायडलांना जोडणारा एक्सल सायकलच्या पोटातून जातो, त्याच्या दोन बाजूंना वाट्या असतात आणि त्या वाट्यांत छर्रे, पोलादाच्या बारीक गोळ्या. वाटी ढिली झाली की एक्सल डुगडुगतो. डाव्या बाजूची वाटी घट्ट केली की झालं. मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम आहे. वडिलांचे पाने घरात होतेच.

डावं पायडल काढताना ते धरून ठेवणारी खीळ ठोकून ठोकून तिचं तोंड चेपलं. बाहेरची चकती कशीबशी सुटली. वाटी मात्र घट्ट करायच्या ऐवजी मी उलटी फिरवली असणार. ती एकदम हातात आली आणि छर्रे अंगणात सांडले. काही मी बसले होते त्या पाटाखाली गेले, काही घरंगळत नालीत. व्हिडिओत एका बाजूला अकरा होते. मला सापडले आठ. नालीत हात घालायची किळस आली. काडीनं थोडं ढवळलं, आणि सोडून दिलं.

ग्रीस नव्हतं. आईच्या शिलाई मशीनची तेलाची कुपी होती, ती ओतली. आठ छर्रे बसवले, वाटी जोर लावून आवळली. डुगडुग थांबली. पायडल जरा जड फिरत होतं, पण फिरत होतं.

आई आली. दोन्ही पायडलं हातानं हलवून पाहिली आणि खूश झाली.

"देली का करून मिस्तरीनं?"

"हो," मी म्हटलं.

मी आधीपासून खोटं ठरवलं नव्हतं. तिनं विचारलं त्यातच उत्तर होतं, मी फक्त होकार दिला. दुपारच्या गाडीनं बुलढाण्याला निघूनही गेले.

दहा-बारा दिवसांनी शेजारच्या काकूचा फोन आला. पुलाच्या चढावर पायडल मध्येच अडकलं, आई आडवी पडली, उजवं मनगट मोडलं. मी पोचले तेव्हा हात प्लास्टरमध्ये होता आणि खाटेजवळ न शिवलेल्या कापडांचा ढीग. त्यातली तीन कापडं नवरीची होती. बायका एकेक करून येत होत्या, तब्येत विचारत होत्या आणि आपापलं कापड घेऊन जात होत्या. आई प्रत्येकीला सांगत होती, "त्या मिस्तरीनं काय करून ठेवलं कोणाले माहीत! धा दिवसही टिकलं नाही. त्याच्याकडे सायकल देऊ नका, बाई."

मी चहा करत होते. मी ऐकलं आणि चहा गाळला.

त्या आठवड्याच्या रविवारी तो मिस्तरी स्वतः घरी आला. सत्तरीचा माणूस, पायात स्लिपर, हाताच्या रेघांत मुरलेलं काळं. दारातच उभा राहिला.

"ताई, पडल्या म्हणून ऐकलं. पण तुमची सायकल माह्याकडे आलीच नाही या महिन्यात. लोक मले बोलून राह्यले."

"आली नाही कशी?" आई उठून बसली. "माही पोरगी सोता घेऊन आली होती. विचारा तिले."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा बोलता आलं असतं. दोन वाक्यं पुरली असती. मी म्हटलं, "काका, तेव्हा दुकानात गर्दी होती. तुमच्या लक्षात नसेल."

 तो चिडेल असं मला वाटलं. पण त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"असन," तो म्हणाला. "आजकाल याद राहत नाही मले. घरचेही तेच म्हणतात." मग आईला हात जोडले. "ताई, चूक झाली असन माह्याकून. सायकल नेतो, नीट करून देतो."

आणि ती मोडकी सायकल हातानं ढकलत तो फाट्याकडे निघाला. दीड किलोमीटर.

पुढचे तीन शनिवार मी घरी आले, पण फाट्यावर थांबले नाही. एसटीतून उतरले की दुकानाकडे पाठ करून चालायला लागायचे. चौथ्या शनिवारी आई म्हणाली, "तो मिस्तरी आता कोणाच्या पायडलाले हातच लावत नाही म्हणे. म्हणतो, माह्या हातावर माहा भरवसा नाही. फक्त पंक्चर काढतो."

मी हातातला घास ताटात ठेवला. मी तशीच उठले आणि चालत फाट्यावर गेले.

आमची सायकल दुकानामागे भिंतीला टेकून उभी होती. त्यानं ती उघडलीही नव्हती. मी त्याच्या समोर उकिडवी बसले आणि सगळं सांगितलं. व्हिडिओ, नाली, आठ छर्रे, मशीनचं तेल. तो पंक्चरची ट्यूब घासत होता. त्याचा हात थांबला.

"म्हणजे माह्याकडे आलीच नव्हती?"

"नाही, काका."

"महिना झाला, मी सोताले विचारून राह्यलो," तो म्हणाला.  "रोज दुकान बंद करताना. का बाबा, तू आज कोणाची सायकल धरली, काय केलं? डोक्याच्या डॉक्टरकडे न्याची बात चालली घरात. आन् तू तोंडावर सांगतलं, गर्दी होती म्हणून!"

मी माफी मागितली. त्यानं ती घेतलीही नाही आणि नाकारलीही नाही. सायकल आडवी केली, वाटी उघडली. तुटके छर्रे आणि काळं झालेलं तेल बोटावर घेऊन त्यानं हुंगलं. "मशीनचंच हाय," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा त्याचा खांदा जरा सैल पडला. नव्या वाटीत ग्रीस भरून त्यानं अकरा छर्रे एकेक करून बसवले. हात जरासुद्धा थरथरला नाही. ते त्यालाही दिसलं असावं.

"तुह्या मायले सांगतलं का?"

"नाही."

"मंग ही सायकल घेऊन जाय आन् सांग."

आई डाव्या हातानं शेंगा सोलत होती. मी सांगत गेले, ती सोलत राहिली. शेवटी टोपलं बाजूला सारून म्हणाली, "हाताचं जाऊ दे. पडली ते पडली. पण मी त्या माणसाले गावभर बदनाम केलं. तुह्या भरवशावर. काऊन केलं तू असं?"

 ऊन होतं, हे मी कोणत्या तोंडानं सांगणार होते?

दुसऱ्या दिवशी आई माझ्यासोबत फाट्यावर आली. एसटीची वाट पाहणारे पाच-सात जण उभे होते. त्यांच्यासमोर ती मिस्तरीला मोठ्यानं म्हणाली, "भाऊ, सायकल तुमच्याकडे आलीच नव्हती. माह्या पोरीनं घरी बिघडवली. मी खोटं बोलली गावात. माफ करजा." मी तिच्या मागे उभी होते. लोकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यानं एक स्टूल पुसून तिला बसायला दिलं आणि तिला एकटीलाच चहा सांगितला.

त्याचं काम पूर्वीसारखं सुरू झालं. डॉक्टरचा विषय घरात निघत नाही, असं त्यानंच आईला सांगितलं. आईचं मनगट जुळलं, पण बाही जोडताना ते वळत नाही. बाह्यांचं काम आता ती शेजारच्या काकूकडे देते. मला ती कधी टोचून बोलली नाही. फक्त एक बदललं. बँकेचं, दवाखान्याचं, कसलंही काम मी करून आले आणि "झालं" म्हटलं, की ती हातातलं खाली ठेवते, माझ्याकडे नीट पाहते आणि विचारते, "झालं नं?"

मी "हो" म्हणते. खरंच झालेलं असतं. तरी कान तापतात.