वरच्याचा पिवळा पडदा

कारखान्यात त्याला सगळे 'वरचा' म्हणत. ओतकामाच्या शेडमध्ये छताखालून फिरणारी क्रेन तो चालवायचा. केबिनपर्यंत बेचाळीस पायऱ्यांची लोखंडी शिडी होती. सकाळी डबा आणि पाण्याची बाटली घेऊन चढला की पाळी सुटल्यावरच खाली यायचा. काम अडलं की फोरमन म्हणायचा, "आता वरच्याच्या मनात असेल तर होईल," आणि आम्ही हसायचो. वरचा हसला की नाही ते खालून दिसत नसे.

मी खाली साखळ्या अडकवायचो आणि त्याला हाताने इशारे करायचो. सत्तावीस वर्षं आमचं बोलणं हातांनीच झालं. त्याचा आवाज इतका बारीक आहे हे मला निवृत्तीनंतर कळलं.

क्रेनखाली इशारे एकानेच करायचे असतात. दोघांचे हात हलायला लागले की माल पडतो, कधी माणसावर पडतो. हा नियम वरच्याने घरीही नेला. घरात घड्याळ एक, कात्री एक, किल्ली एक. वहिनी म्हणायच्या, "बरं झालं, बायकोही एकच केलीत."

वहिनी छापखान्यात मुद्रितं तपासायच्या. डावखुऱ्या होत्या. आयुष्यभर बारीक अक्षरं बघून डोळे थकले, नजरेचा मधला भाग धूसर झाला. मुलगी लांब राहते. तिला पत्रं लिहायला म्हणून त्यांनी घरी कॉम्प्युटर घेतला आणि तो आपल्या डोळ्याला, हाताला बसेपर्यंत दोन वर्षं त्यावर खपल्या. अक्षर मोठं केलं. बाण जाड केला, त्याची चाल मंद केली. माउस डावीकडे घेतला, त्याची बटणं उलटी केली. पांढरा उजेड टोचायचा म्हणून सगळा पडदा पिवळा केला, त्यावर काळी अक्षरं. पुढे हात थरथरायला लागला. बोट चुकून लागलं तरी अक्षर उमटायचं. तेव्हा कळ थोडा वेळ दाबून धरली तरच अक्षर येईल अशी सोय त्यांनी शोधून काढली. एकेक गोष्ट चुकत, पुसत, परत करत केली. कुणाला विचारलं नाही.

वहिनी गेल्यावर वरच्याने त्यातलं काही बदललं नाही. तो उजवा. तरी डाव्या हाताने माउस धरायला शिकला. प्रत्येक कळ दाबून धरायची म्हणजे मुलीला पानभर पत्र लिहायला सबंध दुपार जायची.

मी एकदा म्हटलं, "अरे, उजवीकडे घे की. कोण बघतंय?"

"मी बघतोय," तो म्हणाला.

पुढे एकदा कॉम्प्युटर बंद पडला. चौकातल्या दुरुस्तीच्या दुकानातल्या बाई घरी आल्या. कामात चोख. स्क्रू काढले ते एका वाटीत ठेवले, जाताना सगळे परत लावले. म्हणाल्या, "काका, आज चालू झालाय, पण म्हातारा झालाय तो. पुन्हा बसला तर सगळं नव्याने टाकावं लागेल. मग तुमची पत्रं शाबूत राहतील, पण ही मांडणी जाईल. रंग, अक्षर, माउस, सगळं."

"मग?"

"मग ती आधीच काढून ठेवायची." त्यांनी पडद्यावर दोन चित्रं करून दिली. एकाखाली लिहिलं 'जपून ठेव', दुसऱ्याखाली 'परत आण'. पहिलं दाबलं की सगळ्या सेटिंग्ज पेनड्राइव्हवर उतरायच्या, आधीच्या पुसून त्या जागी नव्या. दुसरं दाबलं की तिथून परत यायच्या. "आणि पेनड्राइव्ह दोन घ्या, काका. आलटून पालटून वापरा."

"दोन कशाला? दोन असले की खरा कुठला, यावर घोळ होतो."

"एक बिघडला तर?"

"मी वस्तू बिघडवत नाही."

"घर तुमचं, हट्टही तुमचा," बाई म्हणाल्या आणि निघाल्या.

तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला, सकाळी दहा वाजता, वरचा पेनड्राइव्ह लावून 'जपून ठेव' दाबायचा. पंचवीस महिने एकही तारीख चुकली नाही.

मग त्याच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डाव्याचा महिन्याभराने काढायचा ठरलं. थेंब घालायला वहिनींची धाकटी बहीण, त्याची मेहुणी, आठ दिवस राहायला आली. बोलकी, हाताला चपळ. आली त्या दिवशी तिने स्वयंपाकघरातले डबे लावले, दुसऱ्या दिवशी खिडक्यांचे पडदे धुतले. आठ दिवस कॉम्प्युटरकडे बघायचं नाही, असं डॉक्टरांनी वरच्याला बजावलं होतं. तो आतल्या खोलीत पडून असायचा.

चौथा दिवस एक तारखेचा होता. दहाच्या ठोक्याला त्याने आतून हाक मारली, "टेबलाच्या खणात पेनड्राइव्ह आहे. तो लाव आणि 'जपून ठेव' दाब."

"दाबलं, भाऊजी."

"नीट झालं का?"

"झालं म्हणतोय तो. तुम्ही पडून राहा."

आठव्या दिवशी मी थेंबांची नवी बाटली घेऊन गेलो होतो. मेहुणी म्हणाली, "बरं झालं आलात. भाऊजींना गंमत दाखवायची आहे." आणि तिने त्याला खुर्चीत बसवून कॉम्प्युटर लावला.

पडदा पांढरा होता. अक्षरं बारीक, बाण बारीक. माउस उजवीकडे.

"आल्या आल्याच सरळ करून ठेवला," ती म्हणाली. "ताईचं ठीक होतं, तिला दिसत नव्हतं. तुम्ही का म्हणून डाव्या हाताने झटायचं? आता बघा कसा पळतो."

वरच्याने खणातून पेनड्राइव्ह काढला, लावला, 'परत आण' दाबलं. पडदा काळा झाला, पुन्हा उजळला. पांढराच. त्याने पुन्हा दाबलं. पांढराच.

"एक तारखेला," तो म्हणाला, "तू हे आधी केलंस की नंतर?"

"काय?"

"हे सरळ. जपून ठेव दाबण्याआधी की नंतर?"

"आधीच. आले त्या दिवशीच केलं म्हटलं ना." मग तिला उमगलं. तोंडावर हात गेला. "म्हणजे ताईचं…"

"मीच दाबायला सांगितलं," वरचा म्हणाला.

आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. मेहुणी आधी रडली, मग चिडली. "बोला ना काहीतरी! मी काय मुद्दाम केलं? बहीण होती माझी. तुमची बायको व्हायच्या आधीपासून होती." तो पडद्याकडे बघत राहिला. ती दुसऱ्या दिवशी सकाळची जाणार होती. त्याच दुपारी गेली. जाताना थेंबांच्या वेळा मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवून गेली.

दुरुस्तीच्या बाई संध्याकाळी आल्या. कॉम्प्युटर स्वतःहूनही जुन्या मांडणीच्या खुणा ठेवतो, त्या बघितल्या. सगळ्यात जुनी खूण पाच दिवसांपूर्वीची, म्हणजे बदलानंतरची. डिस्कवर जागा कमी, म्हणून आधीच्या त्यानेच टाकून दिल्या होत्या. बाईंनी आणखी तासभर खटपट केली. शेवटी हात पुसले.

"नाही काका. गेलं ते."

दोन पेनड्राइव्हचा विषय त्यांनी काढला नाही.

"हाताने लावता येईल का?" वरच्याने विचारलं.

"लावता येईल. प्रत्येकाला आकडा आहे. पण आकडे कुठे लिहिलेत का?"

"नाही."

"मग अंदाजाने लावा."

"अंदाजाने नाही," वरचा म्हणाला.

त्यानंतर मी रोज दुपारी जायला लागलो. माझं काम वहीत आकडे लिहायचं.

अक्षराचा आकार एका दुपारी सापडला. मुलीची जुनी पत्रं त्याला पाठ होती. कुठली ओळ कुठल्या शब्दावर मोडायची ते ठाऊक होतं. आकार कमीजास्त करत गेला. ओळ त्या शब्दावर मोडली तिथे थांबला. जाड बाण कोपऱ्यातल्या घड्याळावर नेला की मिनिटांचे दोन्ही आकडे झाकायचा, तासाचा नाही. तेही मिळालं. बाणाची चाल त्याने डोळे मिटून लावली. मनगट एवढं वळलं की बाण या कडेपासून त्या कडेला. क्रेनचा दांडा तो असाच ओळखायचा. कळ किती दाबून धरायची याला दोन दिवस गेले. तो तोंडाने मोजायचा, नाही म्हणायचा, पुन्हा मोजायचा. मला फरक कळत नव्हता. त्याला कळत होता.

राहिला रंग.

रंगाला तीन आकडे असतात. तांबडा किती, हिरवा किती, निळा किती. तिन्ही सरकवून तो बघायचा. पण उजव्या डोळ्यात आता नवं भिंग होतं. त्या डोळ्याला कुठलाच पिवळा पटेना.

"भिंतसुद्धा निळसर दिसते याने," तो म्हणाला. "घरातले कपडे दुसऱ्याचे वाटतात."

मग त्याने उजवा डोळा तळहाताने झाकला आणि डाव्याने बघितलं. त्यातला पिवळट मोतीबिंदू अजून काढायचा होता. याच डोळ्याने तो वहिनी गेल्यापासून त्या पडद्याकडे बघत आला होता.

"याने लागेल," तो म्हणाला.

डाव्या डोळ्याची तारीख अकरा दिवसांवर होती.

एक आकडा दोन घरं सरकवायचा. मग खिडकीबाहेर बघत बसायचा, नजरेतला आधीचा रंग जाईपर्यंत. मग उजवा डोळा झाकून बघायचा. एका दुपारी अशा वीसेक खेपा व्हायच्या. वाट बघताना कधी बोलायचा. वहिनी या खुर्चीत पाय वर घेऊन बसायच्या. पत्र लिहून झालं की मोठ्याने वाचायच्या आणि स्वतःच्याच चुका काढायच्या. कारखान्यात सत्तावीस वर्षांत त्याने सांगितलं नाही तेवढं त्या दुपारी सांगितलं. मान मात्र खिडकीकडे.

नवव्या दिवशी मला वाटलं जमलं. "झालं की," मी म्हटलं.

"जवळ आलंय."

"जवळ म्हणजे झालंच. दोन घरांचा फरक कोणाला दिसतो?"

"माल जागेवर ठेवायचा असतो. जागेजवळ नाही. तूच हात हलवत राहायचास, थोडा अजून, थोडा अजून."

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी चार वाजता त्याने हात माउसवरून काढला. बराच वेळ एका डोळ्याने बघत होता. मग म्हणाला, "लिही." तांबडा दोनशे पंचावन्न, हिरवा दोनशे सहा, निळा चौऱ्याण्णव. मी लिहिले. त्याने वही घेऊन आकडे पडद्यावरच्या आकड्यांशी दोनदा ताडून बघितले. कॉम्प्युटर बंद केला आणि दवाखान्याची पिशवी भरायला उठला.

डाव्या डोळ्याच्या वेळी थेंब मीच घातले. मेहुणीला त्याने कळवलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, "तिला कशाला त्रास." भिंतीवरचा तिचा कागद मात्र तसाच होता. त्यावर बघूनच मी वेळ पाळली.

आठ दिवस झाले. त्याने कॉम्प्युटर लावला तेव्हा मी मागे उभा होतो. पडदा पिवळा झाला. त्याने आधी एका डोळ्याने बघितलं, नंतर दुसऱ्याने. मग दोन्हींनी.

"कसा दिसतो?" मी विचारलं.

"फिका. कच्च्या लिंबासारखा."

मी वही पुढे केली. आकडे तेच होते.

"बदलायचा का थोडा? तुझ्या डोळ्याला बसेल असा?"

"नाही. रंग तोच आहे. मला दिसत नाही, एवढंच."

रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. मग त्याने विचारलं, "तुझं ऑपरेशन नाही ना झालं?"

"नाही."

"मग सांग, तुला कसा दिसतो?"

मला असलं सांगता येत नाही. तरी बघितलं. म्हटलं, "पिवळा. जरा तांबूस. जुन्या बल्बचा उजेड भिंतीवर पडतो तसा. डोळ्याला टोचत नाही."

"टोचत नाही ना?"

"नाही."

"हां," तो म्हणाला.

पण मी वहिनींच्या वेळचा पडदा कधी नीट बघितला नव्हता. हा तोच की नाही, हे मी सांगू शकत नव्हतो. ते त्यालाही ठाऊक होतं.

त्याने पत्राचं पान उघडलं. मला वाटलं मुलीला लिहील. वर मेहुणीचा पत्ता घातला. डावा हात माउसवर ठेवून उजव्याच्या एका बोटाने लिहायला लागला, प्रत्येक कळ दाबून, अक्षर उमटेपर्यंत धरून. एका ओळीला पाव तास गेला असेल. मी मागून वाचलं.

'ताईचा पिवळा लावला आहे. तू तो बघितलेला आहेस. तुझ्याही डोळ्यांवर ऑपरेशनची वेळ येण्याआधी एकदा येऊन बरोबर आहे का सांगून जा.'

पाठवलं आणि तो उत्तराची वाट बघत बसला. मी साडेसहाला निघालो. तोवर आलं नव्हतं.