फाटकासमोरची दवंडी

माझ्या बापानं माझ्या विरोधात दवंडी दिली. शाळेच्या फाटकासमोर उभं राहून दिली. मी फाटकाच्या आत उभी होते.

नाव नाही घेतलं त्यानं. आमच्यासारख्यांना नाव कशाला लागतं? गळ्यात डफडं, हातात दोन काड्या. डफडं कडाडलं आणि बा ओरडला, "ऐका हो ऐका. शाळेत ठेवलेले लोकं बाहेरून बिमारी घेऊन आले हो. त्यायच्या जवळ कोणी जाऊ नोका. त्यायले हापशीले हात लावू देऊ नोका."

माझी पोरगी चार वर्षांची. डफड्याचा आवाज तिच्या ओळखीचा. "आबा आला," म्हणत ती पळाली आणि फाटकाच्या गजांतून दोन्ही हात बाहेर काढले. बा तिच्यापासून दोन बैलगाड्यांच्या अंतरावर होता. त्यानं पाहिलं नाही. तिच्या डोक्यावरून कुठंतरी पाहत राहिला. दवंडी पूर्ण केली, पुन्हा डफडं वाजवलं आणि एसटीच्या थांब्याकडे निघून गेला. मागून मालक चालत होते, तोंडाला रुमाल बांधून. शब्द बरोबर पडतात की नाही ते ऐकायला.

पोरीचे हात बाहेरच होते. ती म्हणाली, "आबाले ऐकू येत नाही का?"

मी तिचे हात गजांतून आत ओढून घेतले. 

आम्ही तिघं. मी, नवरा, पोरगी. पुण्याकडच्या वीटभट्टीवर होतो. सगळं बंद झालं आणि भट्टीवाल्यानं हात वर केले. कधी ट्रकच्या टपावर, कधी पायी, असं करत वाशिमला आलो. नाक्यावर तपासलं, हातावर शिक्का मारला. तिथून अनसिंगच्या रस्त्यानं पायी निघालो. नवऱ्याच्या गावात आमचं काही उरलं नव्हतं. माय मेल्यावर बा एकटा पडला, तेव्हापासून आमची झोपडी बाच्या शेजारीच, मांगवाड्यात. घर म्हणजे तेच.

गावाच्या तोंडाशी रस्त्यावर बाभळीच्या काट्या आडव्या टाकलेल्या. राखणीला कोण? माझाच बा. मालकांनी बसवला होता. मालक म्हणजे गावातले मोठे शेतकरी. सरपंच त्यांची सून, पण शिक्का सोडला तर सगळा कारभार त्यांचा. सरकारनं गावोगावी समित्या करायला सांगितल्या, तर समितीतही तेच. बानं आम्हाला पाहिलं, काट्या हलवायला वाकला, तेवढ्यात मागून आवाज आला, "थांब. शाळेत ने त्यायले."

शाळेत न्यायला माझी हरकत नव्हती. खरंच सांगते. हातावर शिक्का होता, चौदा दिवस वेगळं राहायचं हे डॉक्टरनं समजावलं होतं. बिमारी खोटी नव्हती. पण त्याच आठवड्यात मालकांचा मुलगा पुण्याहून गाडी घेऊन आला. पास होता त्याच्याकडे. शिक्का त्याच्याही हातावर होता म्हणे, पण लांब बाह्यांचा शर्ट घातला की शिक्का कोणाला दिसतो? काट्या बाजूला ओढल्या, गाडी आत घेतली, काट्या पुन्हा जागेवर ठेवल्या. हे सगळं बानं केलं. नंतर त्यानंच मला सांगितलं. सांगताना हाताकडे पाहत होता. काटा रुतला होता.

मालकांच्या मुलाच्या नावाची दवंडी झाली नाही.

दवंडीनंतर हापशी आम्हाला बंद. शाळेचा शिपाई घागर भरून आणायचा आणि फाटकाबाहेर उभं राहून आमच्या भांड्यात वरून पाणी सोडायचा. भांडं आम्ही खाली ठेवायचं, मागं सरायचं. तो बिचारा वाईट माणूस नव्हता. पण ती धार पडताना पाहिली की मला माझी आजी दिसायची. ती सांगायची, विहिरीवर आमी ताटकळत बसायचो, कोणाले दया आली तं वरून पाणी. मला वाटायचं, म्हातारी जुन्या गोष्टी सांगते. आता माझी पोरगी ओंजळ धरून उभी होती. रेडिओवर, फोनवर, सगळीकडे एकच, अंतर ठेवा, अंतर ठेवा. जणू काही नवीन शोधून काढलं होतं.

दुपारी गाव झोपलं की बा शाळेच्या मागच्या भिंतीवर भाकर ठेवायचा आणि लांब निंबाखाली जाऊन बसायचा. त्याचे हात कोपरापर्यंत पिवळे. मालकांच्या मळ्यात हळद शिजवायचं काम चालू होतं. मोठ्या कढया, खाली लाकडं पेटलेली, पाच-सहा माणसं दिवसभर धुरात. मालकांचा मुलगाही तिथंच खुर्ची टाकून बसायचा. घरात कंटाळा येतो म्हणून.

बा खोकत होता.

"बा, कायचा खोकला हाय?"

"हळदीचा धूर हाय. दरसालचंच."

हळद शिजवणारा खोकतोच. आमच्याकडे त्याला कोणी बिमारी म्हणत नाही. मीही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी जरा जास्त खोकला. त्याच्या दुसऱ्या दिवशी भाकर ठेवताना भिंतीला हात लावून उभा राहिला. त्याच आठवड्यात रामनवमीला मालकांकडे जवळच्या लोकांची पंगतही झाली होती. उष्टी पानं बानंच उचलली.

मग एका सकाळी गावात अॅम्ब्युलन्स आली. शाळेकडे येईल म्हणून आम्ही तिघं व्हरांड्यात उभे राहिलो. आली नाही. मालकांच्या दारात गेली आणि त्यांच्या मुलाला घेऊन गेली.

आमच्यापैकी कोणी शिंकलंसुद्धा नव्हतं.

ऊन चढायच्या आत मालक शाळेसमोर आले. संगं समितीचे दोघं-तिघं, आणि डफडं घेतलेला बा. या वेळी त्याच्या अंगात ताप होता, ते मला फाटकातून कळत होतं. डोळे लाल, ओठ सुकलेले. मालक म्हणाले, "असं म्हण, बिमारी शाळेतल्या लोकायनं आणली. गावानं घाबरू नोका, त्यायले इथून हलवून राह्यलो."

चोर सोडून संन्याशाला फाशी, हे ऐकलं होतं. फाशीची दवंडी संन्याशाच्या बापाला द्यायला लावतात, हे त्या दिवशी पाहिलं.

 बाच्या काड्या हातात, पण हात खाली. जन्मात पहिल्यांदा मी त्याला हुकूम ऐकूनही उभा राहिलेला पाहत होते.

"मालक, माही पोरगी हाय ते."

"म्हणूनच तू सांग," मालक म्हणाले. "बाप सांगून राह्यला म्हनल्यावर लोकायले पटन."

रागावून नाही म्हणाले. सहज म्हणाले, जसं कोणाला सांगावं, बैल त्या बाजूनं बांध. तेच मला लागलं. अजून लागतं.

बानं काड्या उचलल्या. "ऐका हो" एवढं म्हटलं आणि खोकला सुरू झाला. थांबेच ना. वाकला, गुडघ्यावर हात टेकले. कोणी पुढं झालं नाही. आणि मला एकदम सगळं उघडं दिसलं. ही दवंडी झाली की डॉक्टर शाळेत येतील. आम्हाला तपासतील. हळदीच्या कढईवरच्या माणसांकडे कोणी वळणार नाही, पंगतीत जेवलेल्यांकडे नाही. माझ्या बापाचा खोकला धुराचाच राहील. या खोट्यानं माझा बाप मरेल, आणि ते खोटं त्याच्याच तोंडून निघेल.

मी फाटकाची कडी काढली.

सगळे मागं सरले. मालकसुद्धा. रस्ता एकदम मोकळा झाला. मांगाच्या बाईला या गावात कोणी कधी रस्ता दिला नव्हता. त्या दिवशी त्यांच्या भीतीनं दिला. पदर तोंडाला घट्ट बांधून मी चालत गेले. बानं गळ्यातला पट्टा काढला, डफडं जमिनीवर ठेवलं आणि स्वतः दूर जाऊन बसला. घे म्हणाला नाही. नको घेऊ असंही म्हणाला नाही.

आमच्यात बाईनं डफड्याला हात लावायचा नसतो. मी ते गळ्यात घातलं. मला वाजवता येत नव्हतं. बडवलं. चामडं तापवलेलं होतं, त्यामुळं आवाज लांब गेला.

"ऐका हो ऐका. बिमारी गाडीत बसून आली हो. ज्यायनं मालकाच्या घरी पंगत खाल्ली, ज्यायनं मालकाची हळद शिजवली, त्यायनं दवाखान्यात जा हो. माह्या बापालेई न्या हो."

तीन वेळा ओरडले. तिसऱ्या वेळी घराघरांतून माणसं ओट्यावर आली होती. मालक म्हणाले, "काहून गावाची बदनामी करून राह्यली?" मी त्यांच्याकडे पाहिलं आणि चौथ्यांदा ओरडले. ओट्यावरच्या एका पोरानं फोन काढून दवाखान्याला लावला.

दुपारी दवाखान्याची माणसं आली. कढईवरच्या सगळ्यांना नेलं, पंगतीतल्या काहींनाही. गाडीत चढताना बा थांबला. मी लांब उभी होते, पोरगी माझ्या कडेवर. तो पोरीकडे पाहून म्हणाला, "त्या दिशी तुह्याकडं पाह्यलं असतं, तं हात थांबला असता व माय." मग चढला.

बाकीचे सगळे परत आले. बा आला नाही. मोठ्या दवाखान्यातून फोन आला, एवढंच. तोंड पाहायला मिळालं नाही. कोणी जाळलं, कुठं जाळलं, माहीत नाही. या गावातली एकही मयत त्याच्या डफड्याशिवाय उठली नव्हती. त्याच्यासाठी एक काडी पडली नाही. ते मला झोपू देत नाही. झोपडीच्या पत्र्यावर बाभळीच्या शेंगा पडल्या तरी दचकून उठते. वाटतं, बा फाटकासमोर आला.

मालकांचा मुलगा बरा होऊन आला. लोकांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं राहून टाळ्या वाजवल्या.

डफडं फाटकासमोर, मी गळ्यातून उतरवलं तिथंच पडून होतं. हात लावायला कोणी तयार नव्हतं, म्हणून ते आमचंच राहिलं. शाळेतून सुटलो त्या दिवशी मी ते घरी आणलं.

पुढल्या साली मालकांची आई वारली. मालक आमच्या झोपडीबाहेर येऊन उभे राहिले. माझ्या नवऱ्याला म्हणाले, "चाल, डफडं घे. सासऱ्याचं काम आता तुह्यावर हाय."

नवरा माझ्याकडे पाहायला लागला. मी दारात आले.

"माह्या बापाच्या मयतीत कोणं वाजवलं, मालक?"

"तवा लॉकडाऊन होतं."

"मंग समजा, अजून हाय."

तेव्हापासून गावात आम्हाला काम मिळत नाही. रोज सकाळी वाशिमला जातो, मिळेल ते करतो. वस्तीतले काही म्हणतात, एवढ्याशासाठी पोटावर पाय आणून घेतला. असेल.

डफडं भिंतीवर आहे. आठ-पंधरा दिवसांनी मी ते चुलीवर धरते, चामडं सैल पडू देत नाही. पोरीला वाजवायला शिकवते आहे. मयतीसाठी नाही, कोणाच्या हुकमासाठी नाही. पहिल्या दवंडीला मी गजांच्या आत गप्प उभी होते. पुन्हा कोणी आमच्या माथी खोटं मारायला आलं, तर पहिल्याच दवंडीला मी फाटकाबाहेर असेन.