आखाजीची रजा

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली की आम्हा खानदेशी सासुरवाशिणींचा जीव माहेरी धाव घेतो. पण नर्सला कुठली आली आखाजी! भर उन्हाळ्यात धुळ्याच्या आमच्या दवाखान्यात जुलाब-उलट्यांचे इतके पेशंट यायचे, की खाटांच्या मधे सतरंज्या टाकाव्या लागत.

त्या वर्षी आमच्या बायकांच्या वॉर्डात एक नवी सिस्टर होती. लग्नानंतरची तिची पहिलीच आखाजी. मंजूर झालेली रजा मेट्रनबाईंनी आदल्या दिवशी रद्द केली. आणि इकडे तिचा भाऊ तिला माहेरी न्यायला मुराळी म्हणून सकाळीच व्हरांड्यात येऊन बसलेला. "अक्का, बहिणले लेवाले उनू मी," मला म्हणाला. काय सांगणार त्याला, कपाळ?

कामाच्या रगाड्यात पोरगी कित्येक दिवस धड जेवत नव्हती, झोपत नव्हती. मला धास्ती होतीच. दुपारी ती एका बाईच्या दंडाला सुई लावणार, तोच ती बाई ओरडली, "आत्तेच त टोची ना सुई, माय!" मी धावत जाऊन पोरीचा हात धरला. तेच इंजेक्शन ती दुसऱ्यांदा देत होती.

"अक्का, माझ्या हातून एखादी मरेल हो," ती म्हणाली. "मला काही समजेनासं झालंय."

मी तडक मेट्रनबाईंकडे गेले.

"ताप आहे का तिला?"

"नाही."

"मग? रडू येतं म्हणून रजा द्यायची? मी आखाजीला माहेरी शेवटची कधी गेले, मला आठवत नाही. मेले का मी?"

माझं डोकंच फिरलं. "बाई, शेवटच्या हसलात कधी, ते तरी आठवतं का?"

बोलून तर गेले. आता मेमो, नाहीतर बदली. बाईंनी ड्युटीचा तक्ता पुढे ओढला, तिच्या नावावर काट मारली. मग म्हणाल्या, "जाऊ दे तिला. तिची ड्युटी तू करायची."

करीन म्हटलं. ती भावामागून फाटकाबाहेर पडली, वळूनसुद्धा बघितलं नाही तिनं.

आखाजी सरली. ती आली नाही, तिचा राजीनामा आला. वॉर्डातल्या सगळ्या म्हणाल्या, पळपुटी निघाली, अक्कानंच लाडावून ठेवली होती. मेट्रनबाईंनी मला बोलावलं. म्हटलं, आता आपली काही खैर नाही.

त्या एवढंच म्हणाल्या, "सुटली."

खरं सांगते, मला तिचा राग नाही आला. हेवा वाटला. आणि बाईंच्या तोंडाकडे बघितलं, तर तिथंही हेवाच होता.