दौशाच्या रस्त्यावर सूर्य कधी पुढे, कधी मागे

जयपूरहून आभानेरीची चांद बावडी, म्हणजे जुनी पायऱ्यांची विहीर, पाहायला लोक मोटारीनं जातात, दोन तासांत पोचतात, फोटो काढून दुपारच्या जेवणाला परत येतात. आम्ही सायकलनं गेलो, आणि त्यामागे माझ्या लेकीचा कॉलेजातला प्रोजेक्ट होता.

मुक्ता इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. घराबाहेर फोन चार्ज करता येईल असा सोबत नेण्याजोगा सोलर चार्जर तिनं करायला घेतला होता. वहीएवढं पॅनेल, बॅटरीतली वीज उलटी वाहू नये म्हणून एक डायोड, पॅनेलचे जास्तीचे व्होल्ट फोनला झेपेल इतकी खाली आणणारा तीन पायांचा रेग्युलेटर, आणि एका जुन्या चार्जरची कापलेली वायर. पॅनेल सोडून हे सगळं बसलं होतं माझ्या जेवणाच्या प्लास्टिकच्या डब्यात. गच्चीवर ते झकास चालत होतं. पण तिचे सर म्हणाले, "गच्चीवर तर सगळंच चालतं. बाहेर नेऊन दाखव."

"बाबा, आपण सायकलनं जाऊ या? मतलब, दोन दिवस. भिंतीतला प्लग वापरायचा नाही," ती म्हणाली. मी हो म्हणून मोकळा झालो. वर्षापूर्वी माझी अँजिओप्लास्टी झाली होती. डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली होती आणि थंडीभर मी तिलक नगरातून कानोत्याच्या धरणापर्यंत जाऊन येत होतो. प्रश्न होता तो वसुधाचा, माझ्या बायकोचा.

घरात मोबाइल एकच, माझा. दवाखान्यातून आल्यापासून ती घरच्या फोनवरून मला ऑफिसात दर तासा-दीड तासानं फोन करत असे. विमा कंपनीतल्या माझ्या सहकाऱ्यांनाही ती रिंग पाठ झाली होती. तिनं फार वाद घातला नाही. एवढंच म्हणाली, "फोन चालू ठेवायचा. बंद लागला तर मी इथे बसून राहणार नाही, सांगून ठेवते."

म्हणजे मुक्ताची अट प्लगला हात लावायचा नाही आणि तिच्या आईची अट फोन बंद पडू द्यायचा नाही. दोन्हींचा भार त्या डब्यावर.

होळीच्या आधीच्या शनिवारी उजाडताच निघालो. आदर्श नगरमागून घाट की गुणीचा रस्ता धरला. सायकलनं जाणाऱ्यांनी हा टप्पा सकाळीच उरकावा; नंतर ट्रक सुरू होतात आणि वळणांवर माकडं थेट पिशवीला हात घालतात. चढ फार नाही, पण मुक्ता दर वळणाला मागे वळून माझ्याकडे बघत होती. आईनं तिलाही काही सांगून ठेवलं असणार.

कानोत्यात गरम कचोरी तिनं खाल्ली, मी घरून आणलेले पोहे. तिथेच पहिली गंमत कळली. पॅनेल माझ्या कॅरियरवर बांधलं होतं, आणि निघाल्यापासून फोन जरासुद्धा चार्ज झाला नव्हता. मुक्तानं वायरी तपासल्या, पिन काढून घातली. मग ती सायकलमागे जाऊन उभी राहिली आणि हसायला लागली.

"बाबा, आपण पूर्वेला चाललोय ना? सूर्य समोर आहे. तुमचीच सावली पडतेय पॅनेलवर!"

अर्ध्या पॅनेलवर सावली आली तरी सगळं पॅनेल जवळपास झोपतं, कारण आतले तुकडे एकमेकांना साखळीसारखे जोडलेले असतात. हे तिला पुस्तकातून ठाऊक होतं, पण गच्चीवर पॅनेलपुढे बाप बसलेला नव्हता. पॅनेल हँडलवर बांधलं आणि फोनवरची बॅटरीची रेघ हलू लागली. वसुधाचे दोन फोन येऊन गेले. दोन्ही वेळा मी मजेत बोललो.

बस्सीपर्यंतचा रस्ता सुखाचा. दोन्ही बाजूंना कापलेल्या मोहरीचे ढीग, मध्ये पिवळसर होत चाललेला गहू. हमरस्त्याच्या कडेची मातीची पट्टी सायकलला बरी, मात्र बाभळीचे काटे असतात. पंक्चरचं सामान जवळ हवंच. मी हळू चालवत होतो. खूप दिवसांनी नाडी मोजायची आठवण झाली नाही.

बस्सीच्या पुढे एका ढाब्यावर बाजरीची रोटी, कढी आणि ताक घेतलं. ऊन रणरणीत. आता तर फोन भराभर चार्ज व्हावा, म्हणून पॅनेल खाटेवर उन्हात ठेवलं. जेवण झाल्यावर पाहिलं तर रेघ थांबलेली. माझ्या फोनची बॅटरी आधीच म्हातारी, त्यात सकाळपासून बोलणं झालेलं. आमच्या डोळ्यांदेखत तो बंद पडला.

मुक्तानं डबा उघडला आणि हात मागे घेतला. "केवढा गरम! रेग्युलेटर स्वतःला बंद करून घेतोय." जास्तीच्या व्होल्टची उष्णता होते, ती बंद डब्यातून जाणार कुठे? ऊन वाढलं तसा तो आत शिजत गेला. म्हणजे सूर्य ऐन भरात असताना आमचा चार्जर झोपी गेला होता.

ढाबेवाला सगळं बघत होता. "यो कांई छै, बाबूजी?" त्यानं विचारलं. हे काय आहे ते मी सांगितल्यावर त्यानं पंख्याखालच्या प्लगकडे बोट दाखवलं. "इसमें लगा लो."

मुक्तानं डबा बाजूला ठेवला. मग म्हणाली, "लावू या, बाबा. प्रोजेक्ट जाऊ दे. आई..."

"तुझा प्रोजेक्ट जाऊ द्यायचा नाही," मी म्हणालो. "इथे पीसीओ आहे. मी तिला फोन करून सांगतो."

पीसीओवाला जेवायला गेला होता, तो तासाभरानं आल्यावर घरी फोन लावला. रिंग वाजत राहिली. खाली भाजीला गेली असेल म्हणून थोड्या वेळानं पुन्हा लावला. पुन्हा तेच. वसुधा दुपारी कधी घराबाहेर पडत नाही.

तोवर मुक्तानं पाना काढून रेग्युलेटर डब्याबाहेर घेतला आणि माझ्या मागच्या मडगार्डच्या स्क्रूखाली घट्ट बसवला. तेवढ्या पत्र्यावरून उष्णता पसरून जाईल, वर वारा लागेल, असा तिचा हिशेब. सूर्यही आता डोक्यावरून मागे कलला होता, म्हणून पॅनेल पुन्हा कॅरियरवर आलं. काही किलोमीटरवर फोन जिवंत झाला. मुक्ता आनंदानं ओरडली. मी थांबून आधी घरचा नंबर लावला.

रिंग वाजत होती. कुणी उचलत नव्हतं.

तिला चक्कर आली असेल का? जिन्यावरून पडली असेल? रक्तदाब तिलाही आहे, हे मला वर्षभरात पहिल्यांदा आठवलं. रस्त्यावर ट्रक जात होते, शेतात बायका मोहरी झोडत होत्या, आणि मी फोन कानाला लावून एका रिकाम्या घरातली घंटी ऐकत होतो. दर तासाला फोन करणारं माणूस रिंग वाजताना काय काय बघत असेल, ते त्या रस्त्यावर मला कळलं.

सायकलवर बसलो आणि जोरात पाय मारायला लागलो. दौसा गाठायचं, तिथून शेजाऱ्यांचा नंबर मिळवायचा, नाहीतर सरळ जयपूरची बस. मुक्ता मागून ओरडत होती, "बाबा, हळू! डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"तुझी आई फोन उचलत नाहीये!"

"म्हणून तुम्ही पडायचं का? थांबा ना!"

आम्ही बापलेक भर हायवेवर भांडत चाललो होतो. शेजारून एक रोडवेजची बस हॉर्न वाजवत गेली, तिच्याकडे मी पाहिलंही नाही.

दौशात आमचा मुक्काम बसस्टँडजवळच्या धर्मशाळेत ठरला होता. साध्या, स्वच्छ खोल्या, खाली जेवण. आधी कळवलं तर जागा मिळते. फाटकातून आत शिरलो तर अंगणातल्या बाकावर वसुधा चहा पीत बसली होती. शेजारी पिशवी.

मी सायकल टाकलीच. "तू इथे? घरी कुणी फोन का उचलत नव्हतं?"

"घरी कोण होतं उचलायला?" ती शांतपणे म्हणाली. "तुमचा फोन बंद लागला. म्हटलं होतं ना, बसून राहणार नाही. आले बसनं."

आता ती रागावणार म्हणून मी उभा राहिलो. पण तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला.

"बसमधून दिसलात तुम्ही दोघं," ती म्हणाली. "बस थांबवायला उठले होते. कंडक्टरला हाकही मारली. आणि मग बघितलं, तुम्ही घामानं निथळत सायकल हाणताय आणि मुक्तावर ओरडताय. एवढ्या मोठ्यानं ओरडणाऱ्या माणसाला काय होतंय, म्हटलं. कंडक्टर विचारत होता, 'बहनजी, रोकूं?' मी सांगितलं, नको. खाली बसले."

"मी तुझ्यासाठी पळवत होतो सायकल."

"ते आता कळलं," ती म्हणाली आणि दुसरा चहा सांगितला.

रविवारी दौशाहून सिकंदऱ्याकडे निघालो. सकाळी पॅनेल हँडलवर, रेग्युलेटर मोकळ्या वाऱ्यात. वसुधा पिशव्या घेऊन जीपनं पुढे गेली. सिकंदऱ्याला रस्त्याकडेला दगडाचे हत्ती, जाळ्या, तुळशीवृंदावनं रचलेली. छिन्नीचा आवाज गाव संपेपर्यंत पाठीशी. तिथून आभानेरीचा फाटा, आणि मग शेतांमधली अरुंद, रहदारी नसलेली सडक. मी तर म्हणेन, नुसता हा तुकडा सायकलनं करायला या.

दिवसभर फोन चालू राहिला आणि एकदाही वाजला नाही.

वसुधा हर्षत मातेच्या देवळाच्या पायरीवर बसलेली सापडली. तिघांनी मिळून बावडी पाहिली. जमिनीलगतच्या कठड्यावरून वाकलं की पायऱ्यांचे त्रिकोण उतरत, उतरत हिरव्या पाण्यापर्यंत जातात. वसुधा बराच वेळ बघत होती. "वर्षभर मला वाटायचं, मी फोन केला नाही तर काहीतरी होईल," ती खाली बघतच म्हणाली. "काल बसमध्ये दोन तास फोन नव्हता. काही झालं नाही." कठड्यावरच्या तिच्या हाताशेजारी मी माझा हात ठेवला.

परतताना बसच्या टपावर सायकली चढवल्या; कंडक्टर थोडे पैसे जास्त घेतात, दोरी मात्र आपली न्या. बस्सी यायच्या आत वसुधा खिडकीला डोकं टेकून झोपली. दवाखान्यानंतर ती माझ्या आधी झोपलेली मी पाहिली नव्हती.

मुक्तानं पुढच्या चार्जरला डबा ठेवलाच नाही. रेग्युलेटर पत्र्याच्या पट्टीवर उघडा बसवला आणि पॅनेलला दोन्हीकडे वळणारी बिजागरी लावली. सरांना तो पसंत पडला. मला रस्ता आठवतो, गहू आठवतो, आणि त्या रिकाम्या घरात वाजणारी घंटी आठवते, म्हणून आता दुपारी मीच कधीतरी घरी फोन करतो.

परवा मात्र तिचाच फोन आला. मी सवयीनं म्हणालो, "बरा आहे मी."

"ते कुठे विचारलं मी?" वसुधा म्हणाली. "येताना कोथिंबीर आणा."