अक्काची टेप आणि काकांचे हेडफोन

रविवारी सकाळी मल्लेश्वरमला देशपांडेकाकांकडे गेलो होतो. ते ट्रेनिंग संपवून जर्मनीहून परत आलेत आणि येताना हेडफोन आणलेत... असले भारी हेडफोन मी फक्त मॅगझिनमध्ये बघितले होते! काकांनी दोन दिवसांसाठी दिले. "केबल ओढू नकोस हं," एवढीच अट.

बसमध्ये मांडीवर धरून आणले. मला एकच टेप ऐकायची होती.

अक्का, म्हणजे माझी मोठी बहीण, गायची. गेल्या वर्षी गळ्याचं ऑपरेशन झालं, आता बोलते, पण गाणं गेलं. डॉक्टर म्हणाले, परत येणार नाही. ऑपरेशनच्या आधी मी तिची पाच गाणी टेप केली होती... तेवढीच राहिलीत.

टेपरेकॉर्डरच्या छोट्या स्पीकरवर ती छान वाटायची. हेडफोनमध्ये तर अक्का शेजारी बसून गाईल, असं मला वाटलं.

झालं उलटंच. आधी मोटरची घरघर, मग पंखा... आणि अक्का कुठेतरी लांब, बंद दाराआड. पाचही गाणी एका स्पूलवर मावावीत म्हणून मी सगळ्यात स्लो स्पीड लावला होता, त्यात वरचे सूर पार दबलेत. आवाजाच्या लेव्हलचा काटा बघता यावा म्हणून माइक माझ्याजवळ, मशीनवरच ठेवला होता.

त्यामुळे माझा आवाज मात्र एकदम क्लीन. ऐन तानेत, आमच्या कानडी मिसळलेल्या मराठीत, "अक्का, स्वल्प थांब, जरा थांब, काटा लालमध्ये जातोय! ...सरी, ठीक आहे, आता म्हण." पाच गाण्यांत सात वेळा!

स्पीकरवर याला आम्ही हसायचो. हेडफोनमध्ये मात्र ती थांबताना तिचा अडकलेला श्वास ऐकू येतो...

अक्काने हात पुढे केला. "नको गं, बिघडलेत," मी खोटंच बोललो. "गप, दे इकडे!"

तिने सगळं ऐकलं. डोळे मिटून. मी नुसता फिरणारा स्पूल बघत बसलो.

मग हेडफोन काढून त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "तुझा आवाज काय सुरेख आलाय रे!"

चिडवत होती की खरंच म्हणत होती, विचारायची हिंमत झाली नाही.

दोस्तांनो, तुमच्या घरी कोणी गात असेल, तर माइक त्यांच्यासमोर ठेवा, मशीन चालू करा... आणि प्लीज, गप्प बसा.