दुआर्त चालत खाली आला

माझ्या बहिणीचा घटस्फोट होऊन आठ वर्षं झाली, तरी दुआर्तला मी अजून भावोजीच म्हणतो. तो पोर्तुगालच्या दक्षिणेकडचा, समुद्रकाठच्या फारू गावचा. घरी बापापासून काकापर्यंत सगळे मासेमारीतले. ब्लांका, म्हणजे माझी बहीण, तिकडे हॉटेलात नोकरीला गेली आणि लग्न करून बसली. मीही दोन उन्हाळे तिच्याकडे राहून त्याच हॉटेलात भांडी घासली, म्हणून त्याची भाषा मला बऱ्यापैकी येते. पुढे दोघांचं पटेना. चार वर्षांच्या रोझाला घेऊन ब्लांका चेक देशातल्या आमच्या ब्रनोला परत आली आणि वर्षभरात दुआर्तही मागोमाग आला. ब्लांकासाठी नव्हे, पोरीसाठी.

इथे त्याला नोकरी मिळाली ती फोनवरची. डोक्याला हेडफोन लावून दिवसभर पोर्तुगीज गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायच्या. संध्याकाळी स्वतःच्या तक्रारी ऐकायला घरात कुणी नाही, मग तो मला फोन करायचा. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, डिसेंबरात रोज.

डिसेंबर त्याला पहिल्याच वर्षी बाधला. पाच तारखेच्या संध्याकाळी आमच्याकडे पांढऱ्या दाढीचे संत मिकुलाश घरोघर फिरतात. बरोबर एक देवदूत आणि साखळ्या खळखळवणारा सैतान. वर्षभर त्रास दिलेल्या पोरांना पोत्यात घालून न्यायची धमकी द्यायचं काम सैतानाचं. त्या वर्षी सैतान मी होतो. रोझा रडायला लागली. पोरं रडतातच, त्याशिवाय मजा काय? पण दुआर्तने माझी गचांडी धरली आणि जिन्यावरून दोन मजले खाली ओढत नेलं. "भावोजी, मी रादिम," असं मी ओरडत होतो, पण तोंडावर बोकडाच्या कातड्याचा मुखवटा. शेवटी त्याने मला कचऱ्याच्या डब्यांपाशी नेऊन सोडलं. तेव्हापासून दर डिसेंबरात ब्लांकाच्या इमारतीतलं कुणी ना कुणी त्याला लिफ्टमध्ये विचारतं, "काय, यंदा सैतानाची खैर आहे ना?" पहिली दोन वर्षं तो मनापासून हसला. मग नुसते दात दाखवायला लागला.

मी सांगतोय ते गेल्याच्या गेल्या नाताळचं. रोझा अकरा वर्षांची झाली होती. नाताळच्या आदल्या दिवसाचं जेवण आमच्या आईकडे असतं, आणि पोरगी तिथे म्हणून दुआर्तही तिथे. सहा वर्षं तो आमचे कार्प माशाचे तळलेले तुकडे काटे वेचत गुमान खात आला होता. त्या वर्षी त्याने ठरवलं, की आपल्या घरचंही काहीतरी न्यायचं. दोन दिवस पाणी बदलत त्याने खारवलेला कॉड मासा भिजवला, बटाटे-कोबी घालून ऑलिव्हच्या तेलात भाजला आणि भांडं टॉवेलात गुंडाळून ट्राममधून मांडीवर घेऊन आला. टेबलावर सॅलड, सूप, कार्प, कुकीजची ताटं. जागाच नव्हती. आई म्हणाली, "ओव्हनमध्ये ठेवते हं, गरम राहील." आणि सगळे जेवायला बसले.

आमच्याकडे त्या जेवणात मधून कुणी उठत नाही. उठला तो पुढच्या वर्षी पंगतीला नसतो, असं आजीच्या तोंडून ऐकत आम्ही मोठे झालो. विश्वास कुणाचा नाही, पण उठत कुणीच नाही. दुआर्तला हे ठाऊक होतं. पण सूप संपलं, कार्प वाढून झालं, त्याच्या भांड्याचं नाव कुणी काढेना, तसा तो खुर्ची सरकवून उभा राहिला.

"बस खाली," बाबा म्हणाले.

"मासा जळते," दुआर्त म्हणाला. आमच्या भाषेतलं लिंग त्याला अजून सापडलेलं नाही.

"जळू दे त्याला. तू बस."

"दोन दिवस भिजवला मी तिला."

आईने चमचा खाली ठेवला. ब्लांका छताकडे बघायला लागली. दुआर्त अर्धा उभा, अर्धा बसलेला, असा क्षणभर राहिला आणि मग गेलाच. भांडं घेऊन आला, कडेने खरपूस झालं होतं. पहिला घास त्याने रोझाच्या ताटात वाढला.

"मला नको. वास येतो त्याला," रोझा चेकमध्ये म्हणाली.

"एक घास, राणी. तुझी फारूची आजी असाच करते," तो त्याच्या भाषेत.

"नको म्हटलं ना, पापा." परत चेकमध्येच.

मी दोनदा वाढून घेतलं. चांगला झाला होता. पण माझ्या खाण्याने त्याचं समाधान होणार नव्हतं.

भेटवस्तू उघडून झाल्यावर रोझा आजोबांच्या कुशीत बसून पुढच्या बेताबद्दल बोलायला लागली. जानेवारीच्या पहिल्या शनिवार-रविवारी येसेनिकच्या डोंगरात, आजोबांबरोबर स्कीइंग. शाळेतल्या दोघी मैत्रिणीही आपापल्या घरच्यांबरोबर येणार होत्या.

"मीसुद्धा येतो," दुआर्त म्हणाला.

रोझाने मान वळवली. "तुला येत कुठे?"

"शिकीन."

बाबा हसले. "चव्वेचाळिसाव्या वर्षी? ये ये. डोंगराला काय, सगळे सारखेच."

बाबांनी जन्मभर ट्राम चालवली. चौऱ्याहत्तरीतही ते लोकरीची टोपी घालून उतारावरून असे येतात, जणू खाली रूळ टाकलेत. शिकवायचा मात्र त्यांना धीर नाही. शनिवारी सकाळी भाड्याच्या बुटांत पाय कोंबतानाच दुआर्तचा चेहरा लाल झाला होता. पोटऱ्या जाड, बकल लागेना. मी गुडघा टेकून ती ओढून लावली.

"स्कीची टोकं जुळव, मागून फाकव," बाबा सांगत होते. "गुडघे वाकव. अरे, वाकव."

"वाकवलेत."

"हे वाकवणं? हे संडासात बसल्यासारखं झालं. पुढे झुक."

"पुढे झुकलो तर पडतो."

"आणि मागे झुकलास तर?"

"तरी पडतो."

"मग पुढेच झुक की. निदान पोचशील तरी."

दोन तास तो लहान पोरांच्या उतारावर पडत राहिला. चार-पाच वर्षांची पोरं त्याच्या अंगाला वळसा घालून जात होती. एकीने थांबून विचारलं, "काका, तुम्हाला दुखलं का?" त्याचं उत्तर देता येण्याइतकं चेक त्याला येत होतं, तरी त्याने नुसता अंगठा वर केला.

दुपारी तो हट्टाला पेटला, की मोठ्या उताराच्या लिफ्टवर जायचं. ही लिफ्ट म्हणजे फिरत्या दोराला लटकणारे, तळाशी आडवी पट्टी असलेले दांडे. एका दांड्यावर दोघं शेजारी उभे राहतात, दांडा ढुंगणाला लागतो आणि ओढत वर नेतो. आकारामुळे त्याला आम्ही नांगर म्हणतो.

"आमच्याकडे नांगर बोट थांबवायला असतो," दुआर्त मला म्हणाला. त्या दिवसातला त्याचा हा एकच विनोद.

रांगेत आमच्या पुढे रोझा आणि तिच्या मैत्रिणी होत्या. त्या भुर्रकन निघून गेल्या. मग बाबा आणि दुआर्त. बाबा सांगत होते, बसू नकोस, नुसता टेक. पण नांगर आला आणि दुआर्त खुर्चीत बसावं तसा त्यावर बसला. दांडा खाली गेला, तो खाली गेला, बाबांनाही घेऊन गेला. स्की एकमेकांत अडकलेली, आणि त्या स्थितीत दोघं दहा-बारा हात ओढले गेले. लिफ्ट थांबवावी लागली. भोंग्यातून आवाज आला, "लाल टोपीवाले गृहस्थ, मार्गातून बाजूला व्हा. लाल टोपीवाले." लाल टोपी दुआर्तची होती. मागच्या रांगेत लोक पुटपुटायला लागले. वर मध्येच अडकलेली माणसं वळून खाली बघत होती. त्यांत रोझाही होती, फार वर नव्हती.

"तो तुझा बाबा ना गं?" मैत्रिणीने विचारलं. थंडीत आवाज स्वच्छ येतो.

"आजोबांबरोबर आलाय तो," रोझा म्हणाली आणि गॉगल डोळ्यांवर ओढला.

मी दुआर्तकडे बघितलं नाही. तो बर्फावर हात टेकून बाबांची स्की शोधत होता.

लॉजवर जेवताना त्याने लसणाचं सूप प्यायलं आणि लगेच झोपायला गेला. बाबा कंबर चोळत म्हणाले, "उद्या त्याला खालीच बसव. चहा पाज." पण रविवारी सकाळी दुआर्त सगळ्यांच्या आधी बूट चढवून तयार होता, आणि या वेळी नांगरावर माझ्याबरोबर उभा राहिला. कसा कोण जाणे, पण आम्ही वर पोचलो. धुकं होतं. रोझा वरच थांबली होती. त्याला बघून तिला नवल वाटलं, आणि मला वाटतं, थोडं बरंही.

"मग चल माझ्या मागे," ती म्हणाली आणि गेली. दोन वळणं घेतली आणि धुक्यात दिसेनाशी झाली.

दुआर्तने पुढे पाहिलं. तिथून उतार एकदम तुटून खाली जातो. काठीने त्याने बर्फ टोचून पाहिला. मग खाली बसला आणि स्की काढायला लागला.

"काय करताय?"

"चालत जातो."

"भावोजी, हळूहळू आडवं घसरत जाऊ. मी आहे ना."

"मला घसरायचं नाही, रादिम. मी सहा वर्षं नुसता घसरतोय."

मीही स्की काढल्या. खांद्यावर टाकून आम्ही झाडांच्या कडेने उतरायला लागलो. पाय गुडघ्यापर्यंत रुतत होते, त्या बुटांत घोटा वळत नाही. दर थोड्या अंतरावर तो थांबायचा आणि बोलायचा. कार्पबद्दल बोलला, दुपारी चारला पडणाऱ्या अंधाराबद्दल बोलला, इमारतीच्या लिफ्टमधल्या सैतानाच्या विनोदाबद्दल बोलला. फोनवरच्या कुणा बाईने त्याला 'तुमचे उच्चार परक्यासारखे येतात' म्हटलं होतं, तेही त्याच्याच भाषेत, त्याबद्दल सगळ्यात जास्त बोलला. रोझाचं नाव त्याने घेतलं नाही.

खाली पोचेपर्यंत तास-दीड तास गेला असेल. रोझा लिफ्टच्या खोपटाशी उभी होती. बाबा मदत पथकातल्या माणसाशी बोलत होते. आम्ही दिसलो तशी ती धावत आली, आणि मला वाटलं बापाला मिठी मारणार. तिने त्याच्या छातीवर मुठी आपटल्या.

"कुठे होतास? मला वाटलं तू दरीत गेलास. आजोबांनी माणसं बोलावली. सगळ्यांसमोर."

"मला जमलं नाही, म्हणून चालत आलो."

"मग आलास कशाला? कोणी सांगितलं होतं तुला स्की करायला? मी सांगितलं?"

ती चेकमध्ये, तो पोर्तुगीजमध्ये. दोघांनाही दुसऱ्याचा शब्द न् शब्द कळत होता.

"तू इथे होतीस म्हणून आलो."

"मी दर पंधरा दिवसांनी तुझ्याकडेच असते. तेव्हा तू नुसता मला विचारतोस, काय खाणार. आणि इथे येऊन पडतोस."

दुआर्तने वाकून बुटाचं बकल सोडलं. बाबांनी त्या पथकवाल्याचे आभार मानले, त्याला थर्मासमधला रम घातलेला चहा पाजला आणि सगळ्यांना गाडीत बसवलं.

पुढच्या आठवड्यात दुआर्त ब्लांकाकडे गेला. मी तिथेच होतो, तिच्या नळाचं काम करत. दारातूनच त्याने तयार करून आणलेलं भाषण सुरू केलं. बाप म्हणून माझा हक्क, माझी आई म्हातारी, कोर्टात जायची वेळ आणू नकोस, पुढच्या नाताळला मी रोझाला फारूला नेणार.

"ने की," ब्लांका म्हणाली.

तो थांबला. "म्हणजे?"

"म्हणजे ने. एक वर्ष तू, एक वर्ष मी."

"पण सहा वर्षं..."

"सहा वर्षांत कधी विचारलंस? दरवर्षी येऊन आईच्या टेबलाशी बसायचास. मला वाटलं, आवडतंय तुला."

मी नळाखालून बघितलं. त्याचा चेहरा आनंदी नव्हता. कुणी दार लावून घेतलं असतं तर त्याला लाथ मारता आली असती. हे दार उघडंच होतं.

"विचारावं कशाला लागतं?" तो म्हणाला. "कळत नाही का माणसाला?"

"नाही कळत," ब्लांका म्हणाली. "आत ये, थंडी येतेय."

तो आत आला नाही. रात्री मला फोन करून पुन्हा सगळं सांगितलं, मी तिथे हजर नव्हतो अशा थाटात.

गेल्या डिसेंबरात बापलेक फारूला गेली. व्हिएन्नाच्या विमानतळावर बाबांनीच सोडलं. रोझा गाडीत तोंड फुगवून बसली होती, कारण मैत्रिणी डोंगरात जाणार होत्या. बाबांचंही तोंड तसंच. इकडे आईने सवयीने सगळं जास्त रांधलं आणि आम्ही तिघं-चौघं ते चार दिवस खात बसलो.

नाताळच्या दुपारी मी फोन केला. मागे भांड्यांचा आणि बायकांचा गलका.

"कसं चाललंय, भावोजी?"

"वाईट. आई इतकं भरभर बोलते की रोझाला कळत नाही. रोझा बोलते ते आईला कळत नाही. सकाळी दोघी रडल्या. शेजारचे सगळे येऊन तिला बघून जातात आणि चेक बोलून दाखव म्हणतात. आता ती न्हाणीघरात कडी लावून बसलीय."

"मग?"

"मग काय, मी दाराबाहेर बसलोय. ती आतून शिव्या घालतेय."

"कुठल्या भाषेत?"

"मिसळून," तो म्हणाला. "व्याकरण भयंकर आहे. ठेवतो, तिला टॉवेल हवाय."